लाल कापड आधी धू

नगर, 3 नोव्हेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तिघी मैत्रिणींना नाताळात हाताने शिवलेल्या गोधड्या द्यायच्या आणि चौथी स्वतःसाठी ठेवायची, असं तू काल फोनवर म्हणालीस आणि आनंदाने मला झोपच लागली नाही. फोनवर राहून गेलं ते लिहिते.

अंथरुणभर मोठ्या चार गोधड्या सात आठवड्यांत व्हायच्या नाहीत. एडिंबराच्या थंडीत बसल्या बसल्या मांडीवर घेता येतील अशा कर. पाच इंचांचे चौकोन काप. शिवणीत चारी बाजूंनी पाव इंच जातो, साडेचार उरतात. आडवे आठ, उभे दहा असे ऐंशी जोडलेस की तीन फूट रुंद आणि पावणेचार फूट लांब होते. पाव इंच मात्र सगळीकडे सारखा ठेव. दर शिवणीला अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, चुकलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत कोपरे इंचभर सरकतात.

आणि लाल कापड आधी धू, बाळ. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात मी मैत्रिणीसाठी लाल-पांढरी गोधडी शिवली होती. पहिल्याच धुण्यात लाल रंग उतरला आणि सगळे पांढरे चौकोन गुलाबी झाले. तिने ती वर्षानुवर्षं पांघरली, एका शब्दाने बोलली नाही, पण बादलीतलं ते पाणी मला अजून दिसतं. कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघ. रंग लागला तर पाणी नितळ येईपर्यंत धू आणि मगच कात्री लाव. सुती कापड आटतंही, म्हणून बाकीचंही धुऊन घे.

आत घालायला आजीची दोन लुगडी पार्सलने पाठवते. आपल्या गोधडीचा मऊपणा जुन्या लुगड्यांच्या थरांतूनच येतो. आजी ते थर जमिनीवर अंथरायची, लांब कच्चे टाके घालायची आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायची. लुगडी दोघींनाच पुरतील. उरलेल्या दोघींसाठी तिकडच्या दुकानातला कापसाचा तयार थर घेतलास तर मात्र उलट कर. मधून सुरू करून कडेला जा, म्हणजे चुण्या बाहेर निघतात.

कोपऱ्यांना कर्नाटकातल्या हल्याळकडच्या सिद्दी बायकांसारखी फुलं लाव. सिद्दी म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्यातल्या कितीतरी जणी ख्रिस्ती आहेत. त्या आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी फुलं शिवतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली, असं त्या मानतात. मला हे फार आवडतं.

स्वतःची चौथी शेवटी ठेवू नकोस, राहून जाते. मी आजवर शिवल्या त्या बाळंतिणींना, शेजारणींना, चर्चच्या मंडळीतल्या बायकांना गेल्या. दर नाताळात गव्हाण मांडताना बाळ येशूखाली अंथरायला माझ्या हातची एकही घरात नसते. म्हणून यंदा एक माझ्यासाठी काढली आहे. मधला चौकोन अजून रिकामा ठेवलाय. तुझ्या तिघींच्या जुन्या सुती कपड्यांचा एकेक तुकडा मागून पाठवशील का? तुझ्यासोबत राहतात त्या पोरी. वीतभर पुरे.

तुझी,
आई