दत्ताला पत्र, वैशूच्या अ‍ॅडमिशनबद्दल

प्रिय दत्ता,

वैशूला इंजिनीअरिंगच्या सीईटीला 94 पर्सेंटाइल पडले ऐकून इतका आनंद झाला की हिने लगेच देवापुढे साखर ठेवली. फोनवर तू घाईत होतास म्हणून निवांत लिहितोय, कारण मागच्या वर्षी रोहनच्या वेळी आमच्याकडून जे झालं ते तुमच्याकडून होऊ नये.

त्याला कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) पाहिजे होतं, कधीपासून तेच म्हणत होता. पण ओळखीतला एक जण म्हणाला की रिस्क नको, जे नक्की मिळतंय ते ऑप्शन फॉर्ममध्ये एक नंबरला टाका, आणि मी ऐकलं रे. घराजवळचं एक प्रायव्हेट कॉलेज पहिलं, कराड दुसरं. पहिल्या राउंडला पहिलंच लागलं, आणि 2025 च्या नियमात पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ, पुढच्या राउंडला जाताच येत नाही. (दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागलं तरी तेच. यंदाचं माहितीपुस्तक मात्र स्वतः वाच.) नंतर कटऑफची पीडीएफ आली, तर कराडची त्याच्या ब्रँचची लिस्ट त्याच्या पर्सेंटाइलपेक्षा खाली बंद झालेली. त्या आकड्यावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला, काही बोलला नाही, लॅपटॉप मिटवला आणि आत गेला. ते बोट अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून सांगतो, ऑप्शन फॉर्म वैशूच्या आवडीच्या क्रमानेच भरा. कॉम्प्युटर आधी मेरिट नंबर बघतो आणि मग तिचे ऑप्शन वरून खाली तपासतो, वरचं नाही मिळालं तर खालच्याचा चान्स कमी होत नाही. पुण्याचं सीओईपी 94 ला लागणं अवघड वाटलं तरी मनात असेल तर वर टाका, काही बिघडत नाही. सेफ कॉलेजं पाहिजेतच, पण खाली.

कटऑफ बघताना नुसता आकडा बघू नका, त्याच्यावरचा कोड बघा. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. तुम्ही लातूरचे, म्हणजे नांदेड विद्यापीठातले, त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांना तुम्हाला ओ चा आकडा लागू, आणि लोक एच चा बघून खुश होतात. कोडच्या सुरुवातीला जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा. वैशूसाठी एल ओबीसी आणि जी ओबीसी दोन्ही बघा, ओपनचेही बघा.

जातीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट हातात आहे का? नुसत्या अर्जाच्या पावतीवर निवांत राहू नकोस, समितीकडे चकरा मारायला लागल्या तर आत्ताच मार. नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट पण यंदा चालणारं आहे ना बघ. 2024-25 पासून ओबीसी मुलींना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण अ‍ॅडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश राउंडमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. त्यामुळे कुणी एजंट फोन करून सीट बुक करा म्हणाला तर सरळ ठेवून दे. हॉस्टेल, मेसचा खर्च मात्र वेगळा धरा.

आणि कॉलेज बघून या रे, नांदेडचं एसजीजीएस तर तुमच्या जवळच आहे. गेटवरून परत येऊ नका. कॅन्टीनला थर्ड इयरच्या पोरींना विचारा की वर्षाच्या मधेच किती मॅडम-सर सोडून गेले, लॅबमधल्या मशीनला खरंच हात लावायला मिळतो का, हॉस्टेलला पाणी किती वेळ येतं. प्लेसमेंटच्या बॅनरवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, तू मधल्या पोराला किती मिळालं ते विचार. वैशूला कॉम्प्युटरच पाहिजे की सगळे घेतात म्हणून घेतेय, हे वहिनींनी एकदा तिला शांतपणे विचारावं, तुझ्यासमोर ती बोलणार नाही.

पुण्याची कॉलेजं बघायला दोघं शनिवारी या, रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी मी स्टेशनला येतो. रोहन रविवारी घरीच आहे, फॉर्मला मीच बसतो तिच्याबरोबर म्हणाला. येताना सगळ्या ओरिजनल कागदांची फाइल आण.

तुझा,
सुन्या