बाजेवरच्या प्रश्नांची खरी उत्तरं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी आज पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आपलं सगळं ठरलेलं असतं. कापूस किती वेचून झाला, बीपीची गोळी घेतली का, थंडी पडली का. फोन ठेवला की वाटतं, बोलणं तर झालंच नाही.

मागच्या रविवारी मेथी निवडताना लेकीने विचारलं, "आई, तुला एक दिवस आजोबा व्हायला मिळालं तर काय करशील?" मी जुडी हातात घेऊन तशीच बसून राहिले. बाबा, ही सवय तुमचीच. दिवाळीत अंगणात बाजेवर बसून तुम्ही तिला असलेच प्रश्न विचारत होतात, ती ते इथे पुण्याला घेऊन आली.

आमच्या लहानपणी लाईन गेली की तुम्ही अंगणात बाज टाकायचात आणि एकेक प्रश्न काढायचात. तुम्ही सांगायचात की ही रीत आजोबांची. त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन समोर बसून ऐकलं होतं. गाडगेबाबा लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत, हे आजोबांच्या मनात बसलं होतं. आपल्या बाजेवर 'माहीत नाही' म्हणायला बंदी होती. लहान्या वाट्टेल ते सांगायचा. मी मात्र आधी तुमच्या तोंडाकडे पाहायची आणि तुम्हाला आवडेल ते सांगायची. आता चाळिशी उलटली आहे, म्हणून त्यातल्या काही प्रश्नांची खरी उत्तरं लिहिते.

आधी एक सोपा प्रश्न. तो इथल्या शेजारणीने विचारला: भरताचं वांगं गॅसवर भाजलं तर काय बिघडतं? बिघडतं. गॅसवर नुसती साल जळते. तुराट्यांच्या आरावर वांगं हळूहळू बसतं, धूर पार गरापर्यंत जातो. त्याच आरात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, पातीचा कांदा आणि वरून कच्चं तेल. या बाबतीत मी कोणाचं ऐकणार नाही.

एक कोटी मिळाले तर? तेव्हा मी म्हटलं होतं, तुम्हाला ट्रॅक्टर घेईन. आज आधी तुमचं सोसायटीचं कर्ज फेडीन आणि विहिरीचा कठडा बांधून घेईन.

"उद्या तुले सरकार केलं, तं कापसाले काय भाव देशीन?" यावर लहान्या म्हणायचा, एक लाख. मी म्हणायची, बाबा म्हणतील तो. तुम्ही खूश व्हायचात. पण माझं खरं मत असं आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो मे महिन्यात, पेरणीच्या आधीच जाहीर झाला होता. पण सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी घरात येते, तेव्हा वेचणाऱ्या बायांना मजुरी रोख द्यावी लागते. सरकारी खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि दवातली ती पहिली बोंडं हाताला गार लागतात. मग दारात येतो तो खेडा खरेदीवाला, आणि काटा त्याचा, भाव त्याचा. म्हणून मी सरकार झाले तर भाव वाढवीनच, पण त्याच्याही आधी पहिल्या वेचणीला केंद्र उघडीन आणि गावोगाव कापूस वाळवायला पत्र्याचं शेड बांधून देईन. तुम्ही दरवर्षी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचून भावाची वाट पाहता आणि तुम्ही दोघं ओसरीत थंडीत झोपता, ते मला पाहवत नाही.

"एखांदी बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू करता आली, तं कोनती करशीन?" मी म्हटलं होतं, आजोबांची मोट. मोट मी कधी पाहिलीही नव्हती. तुमचे डोळे भरून आले, म्हणून तेच उत्तर मी पुढेही देत राहिले. खरं उत्तर शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरचा तो अरुंद रूळ, आणि त्यावरून रमतगमत जाणारी आपली गाडी. १९९४ मध्ये तिचं कोळशाचं इंजिन काढून डिझेलचं लावलं, तेव्हा मी पाचवीत होते. आता तर कित्येक वर्षांत गाडीच धावलेली नाही.

आई, तुझ्या माहेरी जायला आपण दारव्हा मोतीबागवर गाडीत बसायचो. तू खिडकीशी, मी तुझ्या मांडीला टेकून. एकदा माझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला. तू पदराच्या टोकाला पीळ देऊन त्याची बारीक वात केलीस, तोंडाने फुंकर घालून ऊब दिलीस आणि पापणी उलटून तो कण अलगद टिपलास. पदरावर तिळाएवढा काळा ठिपका मला दाखवलास. त्यानंतर कारंजा येईपर्यंत तू नुसती बाहेर पाहत बसली होतीस. पदर खांद्यावर उतरला होता, हात मांडीवर मोकळे होते. तुझे रिकामे हात मी त्या गाडीतच पाहिले. घरी त्यांत कधी पीठ असायचं, कधी शेण, कधी विळा. म्हणून मला शकुंतला परत पाहिजे. एसटी लवकर पोचवते हे खरं, पण तिथे तुला जागा मिळाली तर मिळाली.

आता बैलाचा प्रश्न. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांचे खांदे शेकायचात. पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळायचात आणि कानाशी म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मग आमच्याकडे वळून विचारायचात, "बैलाले बोलता आलं असतं, तं काय म्हनला असता?" मी सांगायची, तो म्हणेल, धन्यासाठी आणखी राबीन. हे मी तुम्हाला खूश करायला म्हणत होते. बैल म्हणाला असता, खांद्याला बरं वाटलं, हे पेरणीच्या दिवसांतही करा, आणि मला मधून मधून बसू द्या.

बाबा, दिवाळीत तुम्ही आंघोळ करून आलात आणि दोरीवरचा टॉवेल काढायला उजवा हात वर केलात. हात खांद्याच्या वर गेलाच नाही. इकडेतिकडे पाहून तुम्ही डाव्या हाताने टॉवेल ओढलात. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, मला दिसलं. तेव्हा बोलले नाही, कारण सगळे पाहुणे होते. त्याच रात्री दीड वाजता लाईन आली म्हणून तुम्ही बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायला गेलात. परत आलात तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता.

तर लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. मला एक दिवस बाबा व्हायला मिळालं, तर त्या रात्री लाईन आली तरी मी उठणार नाही. गोधडी ओढून झोपीन. एक पाणी उशिरा बसलं तर हरभरा पोतं-दोन पोती कमी होईल. होऊ द्या. एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही रानडुकरांच्या वाटेने, अंधारात, ओल्या पायांनी एकटे जावं इतकं त्या दोन पोत्यांचं मोल नाही. मी विचारपूर्वक सांगते आहे, विहिरीजवळचे तीन एकर स्वतःकडे ठेवा, पलीकडचे पाच मक्त्याने द्या. विका असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. मक्त्याचे पैसे कमी येतील, ते मी आणि लहान्या मिळून भरून काढू. आमचं बोलणं झालं आहे.

आणखी एक खोटं उत्तर मनात राहिलं आहे. "मोठी होऊन काय करशीन?" यावर मी दरवेळी म्हणायची, वावर पाहीन. तुम्ही ते गावभर सांगितलंत. बाबा, ते खरं नव्हतं. मला तेव्हाही शिकून बाहेरच जायचं होतं आणि आज लॅबमधलं माझं काम मला मनापासून आवडतं. तुम्ही अजून कधीतरी वाट पाहत असाल, पोरगी परत येईल आणि वावर हातात घेईल, म्हणून एकही तुकडा दुसऱ्याला कसायला देत नसाल, असं मला वाटतं. माझ्या त्या एका उत्तरासाठी तुम्ही रात्री पाइप ओढत असाल, तर मला झोप लागणार नाही. म्हणून आज स्पष्ट लिहिलं. रागावलात तरी चालेल, पण संक्रांतीला मी आल्यावर समोर बसून बोलू.

आई, आता तुझ्याशी. इतक्या वर्षांत बाजेवरच्या प्रश्नात तुझा नंबर कधी आलाच नाही. तू आत चुलीशी भाकरी थापत असायचीस, आम्हाला थापण्याचा आवाज यायचा. एकदा बाबांनी विचारलं होतं, "अख्खा दिवस रिकामा भेटला, तं कोन काय करन?" आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आतून तुझा आवाज आला, "मी तं..." आणि तव्यावरची भाकर करपली. तू तिकडे वळलीस, लहान्याने काहीतरी आरडाओरडा केला, बाबांनी पुढचा प्रश्न काढला. कोणी तुला पुन्हा विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

त्या "मी तं..."च्या पुढे काय होतं, आई? मला लिहून कळव. बाबांना लिहायला सांगू नकोस, तुझ्या हाताने लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुमची,
मोठी