पांढरी सलवार बदला, कुर्त्याला खिसा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली 34 वर्षं शिवणकाम करते. दुकान आम्हा दोघांचं. मुलांची मापं हे घेतात, मुलींची मी. ब्लाउज, ड्रेस वर्षभर चालूच असतात, पण घर चालतं ते शाळेच्या गणवेशांवर. मार्चमध्ये शाळांच्या बैठका होतात, कापड ठरतं, एप्रिलमध्ये मापं घेतली जातात आणि शाळा उघडायच्या आत कपडे हातात पडावे लागतात. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. कापडाची ऑर्डर एकदा गेली की पुढे वर्षभर कुणी काही ऐकून घेत नाही.

आमच्याकडे जुन्या मापवह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या उघडल्या की पोरांचं वाढणं आकड्यांत दिसतं. चौथी-पाचवीपर्यंत पँटची उंची वर्षाला इंच-सव्वा इंच वाढते. मग एका वर्षी एकदम दोन-अडीच इंच. मुलींचं ते वर्ष बहुधा सहावीच्या आसपास येतं, मुलांचं आठवीच्या. त्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे बुटके दिसतात आणि दहावीला हेच चित्र उलटं होतं. आधी चपला लहान होतात, मग पँट आखूड होते, शर्ट मागाहून. दिवाळीत आया येऊन भांडतात, ‘पँट घोट्याच्या वर गेली, शर्ट आहे तसाच आहे, कापड आटलं तुमचं.’ कापड आटलेलं नसतं. या वयात हातपाय आधी वाढतात आणि धड नंतर. त्या मधल्या काळात पोराला आपलेच हात कुठे ठेवावेत कळत नाही, दुकानात शिरतानाही काउंटरला धडकतो.

मुलींचा क्रम वेगळा. आधी छाती भरायला लागते, मग उंचीची उडी येते, त्यानंतर पाळी. छाती दिसायला लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी. पाळी आल्यावर उंची सहसा दोन-अडीच इंचच वाढते. म्हणून अशा मुलीच्या सलवारीला मी खाली मोठी दुमड ठेवत नाही, त्याऐवजी सीटला आणि मुंढ्याला दाब, म्हणजे शिवणीच्या आतलं राखीव कापड, जास्त सोडते. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, टेपने शिकवलं. कारणं मात्र थोरल्या लेकीकडून कळली, ती नर्स आहे. ती सांगते, मुलीत हे बदल आठव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत कधीही सुरू होतात, मुलात नवव्यापासून चौदाव्यापर्यंत. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघी मैत्रिणींत एक अजून फ्रॉकच्या मापाची आणि दुसरी तिच्या आईच्या मापाची असू शकते, आणि दोघीही अगदी ठणठणीत असतात. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आतच सुरू झालं, किंवा मुलीत तेरापर्यंत आणि मुलात चौदापर्यंत काहीच खूण दिसली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं, एवढंच.

पण हे पोरांना कुणी सांगतच नाही. आणि टेप अंगाला लावल्यावर ते न सांगणं माझ्या हाताला कळतं.

2003 सालची गोष्ट. एका शाळेने सगळे गणवेश आमच्याकडे दिले होते. व्हरांड्यात टेबल टाकलं, सातवीच्या मुलींची रांग लावली. मी टेप लावायची आणि आकडा मोठ्याने सांगायची, हे वहीत लिहायचे. ‘छाती तीस, कंबर चोवीस, सीट बत्तीस.’ काम भरभर उरकावं म्हणून. शेजारी मुलांची रांग होती, त्याचं मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली पोरं एका मुलीला तिच्या आकड्याने हाक मारायला लागली. तिसऱ्या दिवशी तिची आई दुकानात आली. भांडली नाही. म्हणाली, ‘ताई, शाळेत जात नाही म्हणते पोर. तुम्हीच काय ते सांगा तिला.’

मी गेले त्यांच्या घरी. काय सांगणार होते? आठ दिवसांनी ती शाळेत गेली, पण पुढे दहावीपर्यंत दप्तर छातीशी कवटाळून चालताना मी तिला बघितलं. शाळेचा रस्ता आमच्या दुकानावरूनच जातो. तिचं माप पुढची तीन वर्षं मीच घेतलं. खांदे पुढे ओढून राहिल्यामुळे तिची पाठ मापाला अर्धा-पाऊण इंच जास्त भरायची आणि पुढची बाजू तेवढीच कमी. कुर्ता नीट बसावा म्हणून मला ते वाकणं कापडात कापावं लागायचं. ते मी केलेलं होतं. त्या वर्षापासून मी आकडा तोंडाने उच्चारत नाही. पडदा ओढते, स्वतः टेप लावते, स्वतःच लिहिते. वेळ दुप्पट जातो.

पडद्याआड पोरी बोलतात. टेप मागून फिरवताना त्यांना माझा चेहरा दिसत नाही, म्हणून असेल. सहावीतली एक म्हणाली, ‘काकू, एकाच बाजूला गाठ आलीय. दुखते. कॅन्सर असतो ना असा?’ तीन महिने ती मुलगी ही भीती घेऊन झोपत होती. आईला सांगितलं नव्हतं, कारण आजी नुकतीच त्याच दुखण्याने गेली होती. मी टेप खाली ठेवला आणि तिला सांगितलं, की सुरुवात पुष्कळदा एकाच बाजूने होते, दुसरी काही महिन्यांनी येते, हात लागला तर दुखतं, पुष्कळजणींना दुखतं. तरी मनातली भीती जावी म्हणून आईला घेऊन दवाखान्यात जाऊन ये, असंही सांगितलं. त्या पोरीने इतका मोठा श्वास सोडला, की छातीचं माप मला पुन्हा घ्यावं लागलं.

मुलांचं बोलायला तर कुणीच नसतं. नववीतला एक मुलगा यांना म्हणाला, ‘काका, शर्टाला छातीपाशी आतून बकरम लावता का?’ बकरम आम्ही कॉलरला आणि कफला लावतो, कडक राहायला. यांना काही कळेना. रात्री जेवताना मला सांगितलं, मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, या वयात निम्म्या-अधिक मुलांना छातीत थोडी सूज येते. शरीरातली संप्रेरकं तेव्हा वर-खाली होत असतात. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते, फारच वाढली तर दाखवायचं. तो मुलगा मे महिन्याच्या उन्हात बनियन, टी-शर्ट आणि वर जाड शर्ट घालून फिरत होता. कबड्डीच्या संघातून त्याने नाव काढून घेतलं होतं. हे फार बोलणारे नाहीत. ट्रायलला तो आला तेव्हा एवढंच म्हणाले, ‘मलापण होतं रे आठवीत. गेलं.’ पोराने यांच्याकडे वर-खाली बघितलं आणि म्हणाला, ‘मग बकरम नको.’

आवाज फुटायच्या दिवसांत तर काही मुलगे दुकानात बोलतच नाहीत. बटणं किती, खिसे किती, बोटांनी दाखवतात. कंठातली पेटी मोठी होत असते, स्वरतंतू लांब होतात, तोवर आवाज फाटणारच. घरचे मात्र पाहुण्यांसमोर मुद्दाम बोलायला लावतात आणि हसतात. मला ते बघवत नाही.

आता पांढऱ्या सलवारीचं.

आमच्या भागातल्या पुष्कळ शाळांत मुलींना आठवीपासून कुर्ता आणि पांढरी सलवार आहे. आठवी म्हणजे तेरावं-चौदावं वर्ष. बहुतेकींना पाळी नुकतीच सुरू झालेली असते किंवा आजउद्या होणार असते. पहिली एक-दोन वर्षं तिचा काही नेम नसतो. कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. कुठल्या दिवशी सावध राहायचं हे त्या मुलीलाही ठाऊक नसतं. नेमक्या त्याच वर्षी आपण तिला पांढरा रंग देतो.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी शाळेच्या वेळात दुकानात आली. मागे मैत्रीण दप्तर आडवं धरून अगदी चिकटून चालत होती. आत येऊन ती उभीच राहिली, बसेना. काय झालंय ते मला कळलं. पडद्याआड नेलं, अंगाला गुंडाळायला अस्तराचं कापड दिलं, सलवार धुतली. डाग गार पाण्यानेच धुवावा लागतो, गरम पाण्याने तो पक्का बसतो. मग मीठ चोळून पुन्हा धुतली, इस्त्रीने वाळवली. तासभर गेला. पॅड नव्हतं का, असं मी विचारलं. होतं, दप्तरात होतं. पण वर्गात सर होते, दप्तरातून पुडी काढून हातात धरून सगळ्यांसमोरून बाहेर जायचं तिला जमलं नाही. ती तशीच बसून राहिली दोन तास. निघताना तिने मला तीनदा विचारलं, ‘काकू, मागून दिसतंय का?’ हे वाक्य या गावातली प्रत्येक मुलगी महिन्यातून पाच दिवस मैत्रिणीला विचारते. मीही विचारलंय.

2018 साली राज्य सरकारने अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅडचं पाकीट. चांगली गोष्ट झाली. पण पॅड ठेवायचं कुठे? मुलांच्या पँटला बाजूला दोन खिसे, मागे एक, शर्टाला एक. मुलीच्या कुर्त्याला एकही नाही. एका मुख्याध्यापकांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, मुली खिशात मोबाइल ठेवतील. मुलांच्या चार खिशांबद्दल ही शंका मी कधी ऐकलेली नाही.

आपल्या भाषेत मुलगी वयात आली की तिला ‘पदर आला’ म्हणतात. पदर म्हणजे कापडच. म्हणजे पूर्वीच्या बायकांनाही हे माहीत होतं, की अंग बदललं की आधी कापड बदलावं लागतं. माझ्या वेळी मात्र कुणी बोललं नाही. 1981 साली, मी सातवीत होते. आजी घरात ‘कावळा शिवला’ म्हणायची. माझं माहेरही शिलाईचंच, मला शिवणं म्हणजे सुई-दोऱ्याचंच ठाऊक. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या आत काहीतरी उसवलं. संध्याकाळपर्यंत मी गोठ्यात बसून होते. आई आली, तिने चार घड्यांचं जुनं लुगडं दिलं आणि म्हणाली, कुणाला सांगू नको. मायेनेच म्हणाली, पण सांगितलं काहीच नाही.

विम्बल्डनच्या टेनिसला पांढऱ्या कपड्यांचा नियम किती कडक आहे, हे तुमच्याच खेळाच्या पानावर वाचलेलं आहे. तिथेही 2023 पासून बायकांना स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी चालते. खेळाडूंनी पाळीची अडचण उघड बोलून दाखवली म्हणून. एवढ्या जुन्या स्पर्धेला जमलं ते आमच्या तालुक्यातल्या शाळांना जमू नये, असं मला वाटत नाही.

कुर्त्याचा रंग कुठलाही ठेवा, सलवार गडद निळी, तपकिरी, काळी, काहीही करा, पांढरी नको. पांढऱ्या रंगाने टापटीप येते म्हणतात. टापटीप धुण्याने येते. कुर्त्याच्या उजव्या बाजूच्या शिवणीत एक आतला खिसा घालू द्या. त्याला नऊ इंच बाय सहा इंचाचे दोन तुकडे लागतात, ते कटिंगच्या चिंधीतून निघतात. बाहेरून दिसतही नाही. मापं घ्यायला बाई पाठवायला सांगा, वर्गखोलीचं दार लावून घ्या, आकडे ओरडून सांगू देऊ नका. मुलांच्या बाबतीतही तेच. आणि एक माप सगळ्या वर्गाला लावू नका. 2024-25 मध्ये गणवेश राज्य पातळीवरून शिवून देण्याचा प्रयोग झाला, मग ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. आता ठरवणं गावातल्याच माणसांच्या हातात आहे. समितीत आया आहेत, त्यांनी बैठकीत तोंड उघडावं.

सातवीच्या वर्गात कुणी नर्सताई येऊन मुलींशी बोलतात तेव्हा मुलांना मैदानावर पाठवतात. त्याच तासाला त्यांच्याशीही एखादे सर किंवा डॉक्टर बोलले, तर आमच्याकडे बकरम मागायला कुणी येणार नाही.

गेल्या जूनपासून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक सहावीच्या वरच्या मुलीच्या कुर्त्याला विचारून आतला खिसा लावते. शिलाई तेवढीच घेते. आतापर्यंत एकीनेही नको म्हटलेलं नाही. नमुन्याचा एक कुर्ता आणि गडद सलवार शिवून दुकानात टांगून ठेवली आहे. कुणा मुख्याध्यापकांना किंवा समितीच्या सदस्यांना बैठकीत दाखवायला हवी असेल तर घेऊन जावी. फक्त एप्रिलच्या आत परत आणून द्यावी, मापं सुरू झाली की ती मला पोरींना दाखवायला लागते.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
जि. सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे. शाळा आमच्या गिऱ्हाईक आहेत, म्हणून छापू नये ही विनंती.)