ताई, बाबांना हे सावकाश वाचून दाखव

सोलापूर, ३० मे २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस शि. सा. नमस्कार.

ताई, आधी तुला. बाबांच्या डोळ्याला इतक्यात वाचायचं काम द्यायचं नाही, म्हणून हे पत्र तूच वाचणार असं धरून लिहितोय. मोठ्यानं वाच, पण मध्ये थांबून त्यांच्याकडं बघू नकोस. तू थांबलीस की त्यांना वाटतं, काहीतरी लपवताहेत. फोन चार वेळा लावला. बाबा 'बरं बरं' म्हणून तुझ्याकडं देतात, तू स्पीकरवर टाकतेस, आणि मागं दाजींचा टीव्ही. त्यात हे बोलवेना. शेजारच्या अक्कांचा मुलगा उद्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय. बरोबर शेंगा चटणीचा डबा आहे. डबा परत पाठव, तो आईचा आहे.

आई, अश्विनी ठणठणीत आहे. बाळही. सदतिसावा आठवडा आज पुरा झाला. हिमोग्लोबिन मागच्या खेपेला साडेनऊ होतं, आता दहाच्या वर गेलंय. डॉक्टरीणबाई हसून बोलल्या म्हणजे समज.

आता मुद्द्याचं. बाबा, बोळातलं घर आम्ही सोडलं. सोडलं म्हणजे विकलं नाही, कुणाला भाड्यानं दिलं नाही, कागद जिथं होते तिथंच, म्हणजे आता माझ्या बॅगेत आहेत. फक्त राहायला विजापूर रोडला आलोय. बुधवारी संध्याकाळी टेम्पो करून सामान हलवलं. तुम्हाला न विचारता. हे तीन शब्द लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

विचारलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा. डोळ्यात थेंब चालू असताना तुम्ही एसटीत बसून आला असता. आण्णांच्या वेळेला आलात तसे, कुणाला न सांगता. म्हणून नाही विचारलं.

झालं असं. यंदाचा वैशाख तुम्ही इथं पाहिलाच नाही. बेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात गच्चीवर अंथरूण टाकायचे दिवस, आणि इथं रोज दुपारी आभाळ भरून यायचं. आधी सगळे खूश होते, वळीव आहे, बरं वाटतंय म्हणायचे. पण हा वळीव जाईचना. रोहिणी निघायच्या आधीच नाले वाहायला लागले. मान्सून २४ तारखेला केरळात आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि सोमवारी २६ ला हवामान खात्यानं तो सोलापुरात पोचल्याचं सांगून टाकलं. मृगाला अजून दोन आठवडे! अश्विनीच्या माहेरी तर नीरेला पाणी आलं. सासरे त्याच दिवशी तिला न्यायला येणार होते, ते स्वतःच्याच वस्तीवरून हलू शकले नाहीत. तसंही डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला आधीच मान हलवली होती, तेव्हा 'पहिलं बाळंतपण माहेरी' हा विषय पाण्यानंच मिटवला. आई, विहीणबाई रुसलेल्या नाहीत. मी बोललो त्यांच्याशी.

तर त्याच सोमवारी रात्री अडीचला मोरीतून बुडबुड आवाज आला. मला वाटलं नळ आला! पाचव्या दिवशीचा नळ, मी आनंदानं उठलो. पाय खाली टाकला तर घोटाभर पाणी, गार आणि गुळगुळीत. मागचा नाला तुंबला होता आणि मोरी उलटी वाहत होती. दिवे गेलेले. मोबाइलच्या उजेडात बघतो तर आईचा पाट देवघरासमोर गोल गोल फिरतोय.

आई, अमावास्या होती हे मला माहीत आहे. पाण्याला माहीत नसावं.

अश्विनीला अक्कांच्या माडीवर न्यायचं ठरवलं. तिचे पाय इतके सुजलेत की तिची एकही चप्पल चढत नाही, माझे फॅक्टरीचे बूट घालून निघाली. एक हात माझ्या खांद्यावर, एक पोटाखाली. आपल्या दारापासून अक्कांच्या जिन्यापर्यंत किती अंतर आहे? लहानपणी मी ते एका उडीत पार करायचो. त्या रात्री एकोणीस पावलं झाली. मी मोजली. बोळातली फरशी कुठं निसटलीय ते मला पाठ आहे, तरी प्रत्येक पाऊल आधी मी टाकून बघत होतो. वर पोचल्यावर ती म्हणाली, 'बाळ जागं आहे, लाथा मारतंय.' मी जिन्यातच बसलो. ताई, हे एवढं मनातल्या मनात वाचलंस तरी चालेल.

पहाटे पाणी उतरलं, पण चिखल राहिला, आणि चिखल धुवायला पाणी नाही. रात्री घरात नाला शिरला आणि सकाळी आम्ही टँकरवाल्याला फोन करतोय! उजनीत उन्हाळ्यातच पाणी वाढायला लागलंय म्हणतात, आपल्या नळाचा पाचवा दिवस काही हलत नाही.

नुकसान सगळं खरं खरं सांगतो, नाहीतर आई येऊन एकेक डबा उघडून बघेल. ज्वारीची खालची दोन पोती गेली. तिसऱ्या दिवशी पोत्याच्या शिवणीतून पांढरे मोड बाहेर आले होते, फडक्यात बांधलेल्या मटकीसारखे. आंबूस वास सुटलेला. वरची दोन पोती मालदांडी कोरडी आहे, ती इकडं आणली. देवांचे फोटो भिजले, देव नाहीत. तू बाबांच्या जुन्या धोतरांची शिवलेली दुपटी खालच्या ट्रंकेत होती. तीन पाण्यांतून काढली, उकळली, चौथ्यांदा डेटॉलमध्ये घातली. दोन दुपट्यांवर फिकट तपकिरी डाग राहिलाय. अश्विनी म्हणते टाकायची नाहीत, बाळाच्या अंगाखाली हीच घालायची. बाजारातली तिला टोचतात म्हणे.

आणि बाबा, माग.

मागाचा खड्डा काठोकाठ भरला होता. मी बादलीनं उपसला, दुपारपर्यंत तेच केलं. लपाछपीत मी तुमच्या पायांपाशी त्या खड्ड्यात बसायचो, आठवतं? 'संज्या कुठंय' असं ताई ओरडायची आणि तुम्ही माग न थांबवता पायाच्या अंगठ्यानं मला गप्प बस म्हणून डिवचायचा. वरून धोट्याचा आवाज, इकडून तिकडं, इकडून तिकडं. मला त्यातच झोप लागायची. आता खड्ड्यात चिखल आणि अश्विनीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट तरंगत होतं.

लाकूड फुगलंय, पण तडकलेलं नाही. मी आणि अक्कांच्या मालकांनी तो सोडवला. घाबरू नका, हातोडा लावला नाही. प्रत्येक सांधा सोडवायच्या आधी फोटो काढला, खडूनं आकडे घातले, फणी वेगळी कापडात गुंडाळली. सगळं अक्कांच्या माडीवर सावलीत आडवं ठेवलंय, उन्हात नाही. सोडवायला जमलं, जोडायला मला येत नाही, हे खरं आहे. खड्डा बुजवलेला नाही. वर फळ्या टाकल्यात, एवढंच.

तुम्ही म्हणाल, पाणी एक दिवस आलं आणि उतरलं, त्यासाठी घर सोडतात का? बाबा, तुम्ही, आई, मी, आपण तिघं असतो तर नसतं सोडलं. पण ती रात्री तीनदा उठते, आणि मोरीपाशी अजून शेवाळ आहे. पाऊस तर आत्ता कुठं सुरू झालाय. त्यातून दिवस २० जूनच्या आसपासचे दिलेत. नेमक्या कळा सुरू झाल्या आणि बोळात पाणी, तर रिक्षा दारात येत नाही. मी हा हिशोब इतक्या वेळा केलाय की आता मलाच तो सबबीसारखा वाटायला लागलाय. तरी परत केला तरी उत्तर तेच येतं.

आता नवीन घराचं ऐका. पहिला मजला, सतरा पायऱ्या, दोन्ही बाजूंनी कठडा. मी मुद्दाम पिशव्या घेऊन चढून पाहिलं, आठव्या पायरीवर जरा रुंद जागा आहे, आईला गुडघ्यासाठी थांबता येईल. तुमची खोली पूर्वेची, सकाळी ऊन येतं. संडास कमोडचा आहे, बाबा, नाक मुरडू नका, डॉक्टरांनी तुम्हाला वाकायला बंदी केलीय. बोअरचं पाणी आहे, वापरायला भरपूर. प्यायचं पाणी इथंही पाचव्या दिवशीच. कंबर तलाव चालत जाण्यासारखा आहे, तुमचा सकाळचा फेरा तिथं होईल. 'संचार' पेपर टाकायला सांगितलाय. सिद्धेश्वराचा सोमवार चुकणार नाही, मी गाडीवरून सोडीन आणि आणीन. आईची तुळस आणली, कुंडी फुटली म्हणून सध्या डालड्याच्या डब्यात आहे. भाडं साडेआठ हजार. डिपॉझिट मी माझ्या भिशीतून भरलंय. पोस्टातल्या पैशांना हात लावलेला नाही.

आणि आई, कुलूप लावलं की घर रुसतं म्हणतेस ना? मी रोज फॅक्टरीतून सुटल्यावर आधी बोळात जातो. दारं-खिडक्या उघडतो, दिवा लावतो, अर्धा तास बसतो. भिंतींचा ओलावा अजून कमरेपर्यंत आहे. मग इकडं येतो.

माझं म्हणाल तर मजेत आहे. फॅक्टरीत लाईट गेली की माग थांबतात, टॉवेलच्या ऑर्डरी मागं पडल्यात, त्यामुळं मुकादम माझ्यावर आणि मी कुणावर तरी. पण रात्रीचं एक काम मला लई आवडायला लागलंय. जेवण झालं की अश्विनी डाव्या कुशीवर पडते आणि मी शेजारी दोन वाट्या घेऊन बसतो. बाळ हललं की ती 'हं' म्हणते आणि मी ज्वारीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकतो. दहा झाले की सुट्टी. काल खाली कुणीतरी सायलेन्सर काढलेली गाडी पळवली तर एकदम तीन दाणे गेले. एकदा पाऊण तास सातवरच अडकलो होतो, माझ्या हाताला घाम. शेवटी तिनं गूळ खाल्ला आणि तिन्ही लागोपाठ झाले. मी उठून गॅलरीत गेलो, उगीच.

दवाखान्याचा रस्ता मी रात्री एक वाजता गाडीवरून करून पाहिला. आसरा चौकातून अकरा मिनिटं. रेल्वेच्या बोगद्यात पाणी साठतं, तिकडून जायचं नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, तो रात्रीचा घरीच असतो. त्याचा नंबर आणि १०८, दोन्ही भिंतीवर खडूनं लिहिलेत. पिशवी भरून दारामागं आहे. चादर आपली सोलापुरी, लालच घेतली.

आता मी सांगतो तेवढं करा. बाबा, थेंब दिवसातून जितक्या वेळा सांगितलेत तितक्याच वेळा आणि घड्याळ लावून. डोक्यावरून अंघोळ नाही. ओमला उचलायचं नाही, तो कितीही रडला तरी. काळा चष्मा घरातसुद्धा. ७ तारखेची तपासणी झाल्याशिवाय निघायचं नाही. निघाल तेव्हा एसटी नाही, संध्याकाळची हुतात्मा, दाजी तिकीट काढतील. आई, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नकोस, मला ताईनं सांगितलंय. डिंकाचे लाडू तिथं करत बसू नकोस, इथं येऊन कर, मी सगळं आणून देतो. तू सुचवलेला काढा अश्विनीला दिलेला नाही, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही असं ठरलंय. राग मानू नकोस. तुझ्या हातची मेथीची भाजी मात्र रोज आठवते तिला. माझी तिला कडू लागते.

स्टेशनवर मी असेन. रिक्षा सरळ इकडं आणीन. बोळात आपण दुसऱ्या दिवशी उजेडी जाऊ, रात्री नको. आधी बाबा घर बघतील, मग माग. जे काय बोलायचंय ते तिथं बोला, मी ऐकून घेईन. अश्विनीसमोर फक्त नको.

दाजींना नमस्कार, ओमला गोड पापा.

तुमचा,
संजू

ता. क. पाळणा माळ्यावर होता, कोरडा आहे. कालच खाली काढून पुसला. चारपैकी तीन कड्या सापडल्या, चौथी नाही. मी पितळी भांड्यांच्या पोत्यात पाहिलं, शिलाई मशीनच्या खणात पाहिलं. आई, तू ती कुठं ठेवली होतीस?