पावसाळ्यात जंगलरस्त्यांना फाटक हवं : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

सावंतवाडी-दोडामार्गच्या जंगलरस्त्यांवर मी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी जीप, चालवतो. हे रस्ते मला जिवापाड आवडतात, म्हणूनच विनंती करतो : जून ते सप्टेंबर या कच्च्या वाटा हौशी गाड्यांना बंद करा.

चढणीवरची लाल माती भिजली की गाडी रुतते. चालक लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकून रेस करतो, चारही चाकं जागच्या जागी फिरतात आणि खोल चाकोऱ्या पडतात. पुढच्या सरीचं पाणी मग कडेच्या चरात जात नाही, चाकोरीतूनच धावत सुटतं आणि सगळी माती खालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नेऊन घालतं. मागची गाडी ती चाकोरी टाळायला झुडपांतून घुसते. बघता बघता रस्ता दुप्पट रुंद होतो. डिसेंबरात हीच वाट दगडासारखी घट्ट असते, तेव्हा खुशाल गाडी न्यावी.

सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरचं, नुकसान मात्र भरून येणारं नाही. आंबोली टोड हा छोटा भेक फक्त आंबोली परिसरातच सापडतो. २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पहिल्या पावसात जांभ्याच्या कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. नेमक्या त्याच दिवसांत रीलसाठी पाणी उडवत गाड्या सड्यावर फिरतात. डबकं बोटभर खोल; एक टायर पुरतो. याच आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडणाऱ्या एका छोट्या माशासाठी सरकारने २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. मग या भेकासाठी चार महिने फाटक लावणं अवघड का असावं?

फाटकाची किल्ली गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे (वनखात्यासोबत जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीकडे) द्या. काजूच्या बागेत जाणारा शेतकरी, आजारी माणसाला घेऊन निघालेली जीप, यांना कुणी अडवू नये. पावसाळ्यानंतर परवाना देऊन मोजक्याच गाड्या सोडा आणि ते शुल्क समितीलाच मिळू द्या, म्हणजे चर उपसायला पैसे राहतील. एक कळकळीचं मागणं आणखी : यावर उपाय म्हणून रस्ता डांबरी करू नका. डांबर आलं की गाड्या दसपट येतील.

हा आदेश मे महिन्यातच निघावा. पहिल्या सरीनंतर निघाला तर अंडी वाचणार नाहीत.

आपला,
सावंतवाडी तालुक्यातला एक जीपचालक