धुरीची शेगडी माळ्यावर गेली

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मोबाईलमध्ये माझा नंबर 'बाळाची आई, देवळामागे' असा आहे, तो मी चोरून बघितलाय. म्हणून इथेही तेवढंच राहू दे. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या देवगडात आषाढ लागला की दर दोन घरांआड एक पोर खोकत असतं.

आशा सेविका म्हणून बाळाच्या नवव्या महिन्याच्या भेटीला तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडे खोकल्याचा अठरावा दिवस चालू होता. आदल्या रात्री खोकता खोकता त्याने प्यायलेलं सगळं दूध माझ्या अंगावर ओकलं होतं. मी न झोपलेली, आजी वैतागलेली आणि टीव्ही मोठ्याने चालू. तुम्ही वजनकाटा बाहेरही काढला नाहीत. आधी टीव्ही बंद करायला लावलात, त्याला माझ्या मांडीवर निजवून झबलं वर सरकवलंत आणि घड्याळ लावून, पोटाकडे बघत श्वास मोजत बसलात. मध्येच तो रडला, तर थांबलात. शांत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण एक मिनिट. पागोळ्यांचा आवाज आणि तुमचे हलणारे ओठ, बाकी काही नाही.

"चव्वेचाळीस. दोन महिने ते वर्षाच्या पोराला पन्नास किंवा त्यावर गेले तर घाई करायची. त्याहून लहान असेल तर साठ, वर्षावरच्याला चाळीस." आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, अंगावर प्यायचं सोडलं, ओठ निळसर झाले किंवा पोर मलूल पडलं, तर आकडा मोजत न बसता 108 ला फोन. हे तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. शाळेत पाढे म्हटले त्यानंतर हेच.

मग औषधं मागितलीत. मेडिकलमधून कुणालाही न विचारता आणलेली खोकल्याची बाटली मी जरा अभिमानानेच पुढे केली. तुम्ही मोबाईलच्या टॉर्चमध्ये लेबल धरलंत. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीवरची दोन द्रव्यं एकत्र असलेल्या औषधांवर ही सूचना छापायला केंद्राने 2023 च्या डिसेंबरात सांगितलं, हे मला नंतर कळलं. त्या बाटलीतले चार चमचे तोवर त्याच्या पोटात गेले होते. तुम्ही मला ओरडला नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आल्याच्या रसातला मध तुम्ही बंद केलात. वर्षाच्या आत मध बोटावरही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्याला बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो, म्हणालात. नाकात खोबरेल सोडणंही थांबवलंत, कारण ते छातीत उतरतं. आजीचा चेहरा उतरत चालला होता, आणि खरी गोष्ट अजून बाकी होती.

ती तुम्हाला वासावरून कळली. त्याची दुपटी चुलीवरच्या वळणीवर वाळायची, पावसात दुसरीकडे वाळणार कुठे? न्हाणीत नारळाची ओली सोडणं धुमसायची. आणि आंघोळीनंतर आजी शेगडीत ओवा, वेखंड, लसणीची सालं टाकून त्याला धुरीवर धरायची. सर्दीसाठी दिवसाला एकदा, खोकला वाढल्यावर दोनदा! आम्ही त्याच्या खोकल्याला धूर देत होतो आणि खोकला का जात नाही म्हणून पुन्हा धूर देत होतो.

"आमी सगळ्या पोरांका धुरीच दिली, कोणाक काय झाला?" आजी म्हणालीच.

मी असते तर वाद घातला असता. तुम्ही तिच्या शेजारी पाटावर बसलात. "आजये, ह्याची छाती एवढीशी, धूर खंय मावतलो? धूप देवाक दाखव. मालीश मात्र तूच कर, तुझ्यासारखो हात कोणाचो नाय." आजी काही बोलली नाही, पण तेलाची वाटी स्वतःकडे ओढली.

लसीचं कार्डही बघितलंत. चौदाव्या आठवड्याचा पेंटा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा डोस, राहिलेला. सत्र होतं तेव्हा दोनदा 'सर्दी आहे' म्हणून मीच टाळलेला. साध्या सर्दीसाठी लस चुकवायची नसते आणि डांग्या खोकल्यापासून राखणारी लस तीच, हे ऐकून मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, घरात कुणाला जुना खोकला किंवा टीबी आहे का विचारलं आणि नाकात घालायला फक्त सलाईनचे थेंब दिले. चार आठवड्यांवर गेला तर परत या, म्हणाले. जायची वेळ आली नाही. धूर बंद झाल्यापासून नवव्या दिवशी तो रात्रभर झोपला. मी मात्र जागीच, पोट बघत, मोजत. छत्तीस.

तुम्हाला पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पावसात भिजून मोजलेल्या त्या एका मिनिटाचा मोबदला कुठल्या रकान्यात लिहितात, ते एकदा सांगा.

चतुर्थीला चाकरमानी येतील, घर भरेल, पण तुम्ही नक्की या. आजोबा आता विडी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला जाऊन ओढतात, तीही छत्री धरून. आणि आजीचा निरोप आहे: "तायेक सांग, शेगडी माळ्यार टाकलंय."

तुमची,
देवळामागची