मंत्रीमहोदय, जगाकडं जे मागता तेच आम्हाला द्या

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र ज्यांना आहे त्यांना कळेल, आणि त्या दिवशी आमच्या बांधावर जे जे उभे होते त्यांनाही कळेल. द्राक्षाच्या फळछाटणीनंतर तुम्ही आमच्या तालुक्यात आलात, बागेत शिरलात, काडी हातात धरून बघितली, आणि सगळ्यांसमोर म्हणालात की घडच सुटले नाहीत हे मी डोळ्यानं बघितलंय, विशेष बाब म्हणून मदत मिळवून देतो. आम्ही विश्वास ठेवला. परवा तुमच्या ऑफिसचं उत्तर आलं. बाग हिरवी आहे, वेली जिवंत आहेत, महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद नाही, सबब पंचनाम्यास पात्र नाही. एवढंच. खाली सही पण नीट वाचता येत नाही.

साहेब, द्राक्षाचं गणित तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं, पण परत सांगतो कारण फाईलवर शेरा मारणाऱ्याला ते माहीत नसावं. एप्रिलला आम्ही खरड छाटणी घेतो, नवीन काडी येते, आणि मे-जूनमध्ये त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्याला ऊन लागतं, भरपूर लागतं. २०२५ ला पाऊस २४ मे रोजीच केरळात आला आणि २६ मे ला मुंबईत, इतक्या लवकर मुंबईत मान्सून आल्याची आधी नोंद नाही. आमच्याकडं तर त्याच्याही आधीपासून वळीव थांबायला तयार नव्हता. ढग, रिपरिप, परत ढग. एका दिवसात ६५ मिलिमीटर कुठं पडायला पाहिजे, महिनाभर ऊन नाही मिळालं की घड गेला, आणि तो गेलाय हे ऑक्टोबरमध्ये छाटणी घेतल्यावर कळतं. तोपर्यंत औषधं मारलेली, खतं टाकलेली, मजुरी दिलेली. मग छाटणी होते, पालवी फुटते, बाग हिरवीगार दिसते आणि त्यात काहीच नाही. हिरवी दिसते म्हणून तर आम्ही मेलो.

अडीच एकर बाग आहे माझी. एकरी तीन लाखाच्या आसपास वर्षाचा खर्च. सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी, वर बायकोचे दागिने सोनेतारणात. पोरगी नर्सिंगला आहे, तिच्या फीचा दुसरा हप्ता द्यायचा राहिलाय, ती फोनवर विचारत पण नाही आता, आणि ते जास्त लागतं. आणि समजा पंचनामा झालाच असता तरी बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० हा दर, म्हणजे एकरी ९ हजार. तीन लाखाला नऊ हजार, आणि आम्ही तेवढ्यासाठीही पात्र नाही.

माझं ठीक आहे, सातबारा तरी आहे. जिल्ह्यातल्याच जत भागातनं दरवर्षी विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायका येतात, घडच नाहीत तर विरळणी कसली, या वर्षी त्यांना कुणी बोलावलंच नाही. हंगामाची मजुरी बुडाली. त्यांच्या नावावर जमीन नाही त्यामुळं पंचनाम्यात त्यांचा रकानाच नाही. त्यांनी कुणाला अर्ज करायचा ते सांगा. एकीनं मला विचारलं, दादा, आम्हाला काही मिळंल का? मला उत्तर देता आलं नाही, तुम्ही द्या.

आता जरा मोठं बोलतो. त्या दिवशी बागेत तुम्हीच विषय काढला होता. म्हणालात, हे हवामान बदलाचं आहे, श्रीमंत देशांनी धूर सोडला आणि भोगतो आपला शेतकरी. शंभर टक्के पटलं मला. आजपर्यंत हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपल्या १४० कोटींच्या देशाचा ३-४ टक्के. आजही तिकडचा एक माणूस वर्षाला १४ टनाच्या आसपास सोडतो, आपला २ टन. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला की २०२० पर्यंत गरीब देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा त्यांच्याच हिशोबानं गाठला २०२२ ला, दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला बराचसा पैसा कर्ज म्हणून! म्हणजे नुकसान त्यांनी करायचं, दुरुस्तीला पैसे त्यांनीच उसने द्यायचे, आणि फेडायचे आम्ही. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत गरीब देशांनी १.३ लाख कोटी डॉलर मागितले, कबूल झाले ३०० अब्ज, ते पण २०३५ पर्यंत. आपल्या शिष्टमंडळानं तिथं भर सभागृहात हे मान्य नाही म्हणून सांगितलं. ती बातमी वाचून मला अभिमान वाटला, खरंच वाटला, गावातल्या ग्रुपवर मीच टाकली होती.

आणि म्हणूनच आज जास्त संताप होतोय.

कारण बघा, २०१५ ला पॅरिसचा हवामान करार झाला तेव्हा सोबतच्या ठरावात श्रीमंत देशांनी लिहून घेतलंय की नुकसान-हानीच्या कलमावरून कुणी जबाबदारी किंवा भरपाई मागू शकणार नाही. मदत म्हणून देऊ, हक्क म्हणून नाही. तिथं ते म्हणतात, तुमचं नुकसान हवामानामुळंच झालं हे सिद्ध करा. इथं तुमचं ऑफिस म्हणतं, तुमचं नुकसान ६५ मिलिमीटरनंच झालं हे सिद्ध करा. तिथं शब्द देऊन वर्षानुवर्षं निधी येत नाही. हवामान बदलाचा फटका बसलेल्या देशांसाठीचा नुकसान-हानी निधी २०२२ ला शर्म अल शेखला ठरला, २०२३ ला दुबईत सुरू झाला, आणि २०२५ संपेपर्यंत त्यात वायदे झालेत ते एक अब्ज डॉलरच्या आतच, जगभरासाठी. इथं बांधावर शब्द देऊन चार ओळींचं पत्र येतं. जगात आपण ज्या रांगेत उभे राहून हक्क मागतो, त्याच रांगेत तुम्ही आम्हाला तुमच्यापुढं उभं केलंय. दिल्ली-मुंबई आमच्यासाठी वॉशिंग्टन झाली. तिकडच्या अन्यायावर बोलायचा अधिकार तुम्हाला राहणार असेल तर आधी इथला निस्तरा.

वॉशिंग्टनवरून आठवलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात, आणि एकट्या अमेरिकेकडं साडेसोळा टक्क्याच्या आसपास आहेत, म्हणजे ते नको म्हणाले की झालं. जागतिक बँकेचा अध्यक्ष आजवर कायम अमेरिकेनं सुचवलेलाच झालाय. आत्ताचे अजय बंगा जन्मले आपल्या पुण्याच्या खडकीत, पण त्यांचंही नाव अमेरिकेनंच पुढं केलं. याच बँकेनं २०१८ ला पोकरा, म्हणजे हवामान बदलात शेती टिकवायच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्राला ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. विदर्भ-मराठवाड्याला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, त्यांचे हाल आमच्यापेक्षा जास्त. पण पहिल्या टप्प्यात सांगली नव्हती, हा जिल्हा सधन समजतात ना. सधन कोण साहेब? कृष्णाकाठचा उसाचा पट्टा बघून सगळा जिल्हा सधन ठरवता आणि जतच्या वाडीवर उन्हाळ्यात टँकर जातो. २०१६ ला मिरजेतनं रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, २०१९ ला त्याच जिल्ह्यात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला पुरातनं माणसं नेणारी बोट उलटली. एकाच जिल्ह्यात दुष्काळही आहे आणि महापूरही आहे, सरासरी काढून कुणाचं पोट भरत नाही. आता कृष्णेच्या पुरासाठी पण जागतिक बँकेचं कर्जच येतंय.

युरोपचं तर विचारू नका. आमचं द्राक्ष तिकडं जायचं तर औषधाचा अंश एवढासा सापडला तरी कंटेनर अडकतो, २०१० ला अडकलेच होते, कित्येक जण त्यात उद्ध्वस्त झाले. खाणाऱ्याच्या ताटात विष नको हे मला मान्य आहे. पण त्याच युरोपातनं आणि ब्रिटनमधनं २०१८ या एका वर्षात ८१ हजार टनांहून जास्त अशी कीटकनाशकं-तणनाशकं बाहेर पाठवायला मंजुरी मिळाली जी त्यांच्या स्वतःच्या शेतात मारायला बंदी आहे. पॅराक्वाट हे तणनाशक तिकडं २००७ ला बंद झालं, आपल्याकडं दुकानात मिळतं. फवारणाऱ्या आपल्या माणसाचा जीव त्यांच्या गिऱ्हाइकाच्या जिवापेक्षा स्वस्त कुणी ठरवला? त्यांनी ठरवला, आणि तुम्ही चालवून घेतला. २०२० ला केंद्रानं २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, २०२३ ला त्यातली तीनच पूर्णपणे बंद झाली. यवतमाळला २०१७ ला फवारताना माणसं मेली त्यानंतरची ही गोष्ट.

आणि देशातली विषमता म्हणाल तर वरच्या १ टक्का लोकांकडं देशाची ४० टक्के संपत्ती आहे, हा अभ्यास २०२४ चा. या १ टक्क्यावर वाढीव कर लावायची वेळ आली की सगळे पक्ष गप्प. शेतकऱ्याला नऊ हजार द्यायची वेळ आली की तिजोरीवर ताण.

मागणं फार नाही. द्राक्षाचा पंचनामा वेलीवरचे घड मोजून करा, पानं बघून नको. कृषी विद्यापीठाचा माणूस आणा, तो अर्ध्या तासात सांगेल. पर्जन्यमापक मंडळात एक, तो आमच्या बागेपासून कितीतरी लांब, तो वाढवा. ढगाळ दिवसांची, सूर्यप्रकाशाची नोंद निकषात घ्या. आणि विरळणीच्या बायकांची गावनिहाय यादी करून त्यांना हंगामाची मजुरी द्या, ही मागणी माझ्या भरपाईच्या आधी धरा.

पुढच्या खरड छाटणीच्या आत उत्तर पाहिजे. जमणार नसेल तर तसं कारणासहित तुमच्या स्वतःच्या सहीनं लिहून द्या, फोनवर कुणाकरवी निरोप नको.

आपला,
एक द्राक्षबागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली